‘स्थानिक पालक’ या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं?

प्रति,
पश्चिम विदर्भातल्या तालुक्याच्या आणि खेड्यांतल्या महाविद्यालयांचे सर्व प्राचार्य,
तसेच ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), ट्रेनिंग-प्लेसमेंटचं काम बघणारे सर आणि मॅडम.

सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावची मुलगी. घरी पाच एकर वावर आहे, त्यात कपाशी आणि तूर. शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही, कारण हे एका कॉलेजचं गाऱ्हाणं नाही. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या मुलींशी बोलले तेव्हा थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळालं. म्हणून पत्र आपल्या सगळ्यांना लिहिते आहे.

२०२५ च्या मे अखेरीस मी पुण्याला गेले. भोसरी एमआयडीसीत अन्न आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत महिनाभर काम केलं, मुलींच्या एका वसतिगृहात राहिले आणि जूनच्या शेवटी परत आले. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदव्युत्तर पहिल्या वर्षाला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं आहे. चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. हे सक्तीचं केलं ते चांगलंच केलं, हे आधीच सांगते. माझी तक्रार ओजेटीबद्दल नाही. ओजेटीला पोचायच्या आधी जे घडतं, त्याबद्दल आहे.

आम्हाला कंपनीचं पत्र मिळालं ते निघायच्या आठ दिवस आधी. राहायचं काय, असं विचारलं तर उत्तर आलं, “नेटवर पीजी भरपूर असतात, पाहून घ्या.” मी पाहून घेतलं. फोटो छान होते. कॉट बेसिस, महिना साडेपाच हजार, टोकन म्हणून दोन हजार आगाऊ. यूपीआयनं पाठवले. समोरून “वेलकम ताई” असा मेसेजही आला.

कारंज्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स. आईनं फडक्यात भाकरी, जवसाची चटणी आणि तळलेल्या मिरच्या बांधून दिल्या होत्या. बाबा बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते, काही बोलले नाहीत. मेहकर, सिंदखेडराजा, जालना, संभाजीनगर, नगर अशी गावं झोपेत आणि जागेपणी मागं पडली. वाघोलीला उजाडलं, संगमवाडीला उतरले तेव्हा सात वाजले होते. रिक्षावाल्यांचा गराडा, वरून पाऊस. त्या वर्षी पुण्यात मे महिन्यातच पाऊस कोसळत होता. मी पीजीवाल्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दोन बस बदलून दिलेल्या पत्त्यावर गेले तर तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार शटर उघडत होता. माझ्या हातातली बॅग बघूनच तो म्हणाला, “पीजी ना? या महिन्यात तुम्ही तिसऱ्या.” त्यानं मला आत बसायला स्टूल दिलं, पाण्याची बाटली दिली. मी तिथे दीड तास बसले होते. आईचा फोन आला तेव्हा “पोचले, खोली मस्त आहे” असं सांगितलं. आईशी मी एवढं मोठं खोटं त्याआधी कधी बोलले नव्हते.

दोन हजारांबद्दल मला फार सांगायचं नाही. शहरात फसवणारी माणसं असतात, तशी ती गावातही असतात. मला त्या दीड तासाबद्दल सांगायचं आहे. त्या वेळी या शहरात मी फोन करावा असा एकही माणूस नव्हता, आणि ज्या संस्थेनं मला पाठवलं तिलाही मी रात्री कुठे झोपणार हे माहीत नव्हतं.

शेवटी आमच्या गावची एक ताई आठवली. ती भोसरीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिची आणि माझी ओळख पोळ्याला, लग्नाला दिसण्यापुरती. पण तिनं एका शब्दात “ये” म्हटलं. एका खोलीत त्या चौघी राहत होत्या, मी पाचवी झाले. घरमालक पाचवीचे पैसे वेगळे मागतो, म्हणून पहाटे तो उठायच्या आत मी बाहेर पडायची आणि रात्री तो टीव्ही लावून बसला की आत यायची. तीन रात्री अशा काढल्या. प्रयोगशाळेचा पहिला दिवस मी त्याच अवस्थेत केला. वजनकाट्यावर ग्रॅममधला तिसरा आकडा नोंदवताना मन मात्र घरमालकाच्या जिन्यावर होतं.

ताईनंच निगडी प्राधिकरणातल्या एका वसतिगृहाचा पत्ता काढला. तिथल्या रेक्टर मॅडमनी फॉर्म पुढे ठेवला. नाव, गाव, आधार, कंपनीचं पत्र, रक्तगट, सगळं भरलं. मग एक रकाना आला: स्थानिक पालकाचे नाव, नाते, पत्ता, मोबाईल, सही. मी पेन थांबवला. ताईचं नाव सांगितलं. “कोण लागते?” गावची आहे, म्हटलं. “नातं?” नातं नव्हतं. “मग कॉलेजचं पत्र आणा. प्राचार्यांच्या सहीचं, जबाबदारी घेतल्याचं.”

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, मॅडमचं बरोबर होतं. साठ-सत्तर मुली त्यांच्या भरवशावर राहतात. रात्री दोन वाजता एखादीला ताप चढला, ती दवाखान्यात न्यावी लागली, तर त्यांनी कोणाला उठवायचं? पाचशेहून जास्त किलोमीटरवर, रेंज असेल तर लागणाऱ्या फोनवर, माझ्या बाबांना? तो रकाना दिसतो कागदावरचा, पण त्यात विचारलेला प्रश्न खरा आहे.

मी सरांना फोन केला. सर अमरावतीला पेपर तपासणीच्या कामात होते. ऑफिसमध्ये केला तर बाबू म्हणाले, सही करणारे साहेब रजेवर आहेत. पत्र आलं तेराव्या दिवशी, व्हॉट्सअॅपवर, वाकड्या फोटोत, शिक्का पुसट. तोपर्यंत मी रस्त्यावर नव्हते, कारण रेक्टर मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ पाहून त्या रकान्यात स्वतःचंच नाव लिहिलं. ‘नाते’ या ठिकाणी त्यांनी आडवी रेघ मारली. त्या फॉर्मची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे.

त्यानंतर पैशाचा प्रश्न. खोलीभाडं साडेचार हजार, मेस वेगळी, आणि डिपॉझिट नऊ हजार. मुळात तिथे तीन महिन्यांच्या खाली कोणाला ठेवत नाहीत. मे-जूनमध्ये मुली सुटीवर गेलेल्या, खोल्या रिकाम्या, म्हणून मॅडम महिन्यासाठी तयार झाल्या. पण डिपॉझिट सोडायला तयार नव्हत्या.

सर, हा मे महिना कास्तकाराच्या घरात काय असतो ते आपल्यापैकी बहुतेकांना सांगायची गरज नाही, आपणही त्याच घरांतून आला आहात. घरात कापूस विकून उरलेले जे काही पैसे असतात ते बियाण्यासाठी आणि खतासाठी बांधून ठेवलेले असतात. त्या वर्षी बीजी-टू कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाचा भाव ९०१ रुपये होता. नऊ हजारांत जवळपास दहा पाकिटं. एकरी दोन धरली तर आमची पाच एकरांची सगळी कपाशी त्या डिपॉझिटमध्ये होती. मी बाबांना फोन केला.

“बाबा, ते वापस भेटतात.”

“कवा?”

“मैना झाल्यावर.”

थोडा वेळ फोनवर नुसता वारा ऐकू आला. ते वावरात होते. मग म्हणाले, “पाठवतो माय. बियाण्याचं पाहू मंग.”

त्यांनी पाठवले आणि बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर आणलं. उधारीच्या मालाचा भाव काय लागतो आणि तो कापूस विकताना कसा वळता होतो, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. माझं डिपॉझिट २७ जूनला पूर्ण परत आलं, एक रुपयाही कापला नाही. तोवर पेरणी होऊन गेली होती.

या नऊ हजारांवर मी फार विचार केला आहे, म्हणून इथे जरा थांबते. भाडं हा खर्च आहे, मेस हा खर्च आहे. डिपॉझिट हा खर्चच नाही. ते महिनाभर कुठेतरी पडून राहणारे आणि परत येणारे पैसे आहेत. एखाद्या संस्थेला मे-जूनमध्ये नव्वद हजार रुपये पडून राहू देता येतात, दहा मुलींचं डिपॉझिट तेवढंच होतं. शेतकऱ्याला त्याच दोन महिन्यांत नऊ हजारसुद्धा पडून राहू देता येत नाहीत. वर्षाच्या इतर कुठल्याही महिन्यात कदाचित येतील, या दोन महिन्यांत नाही. ओजेटीचं वेळापत्रक आणि पेरणीचं वेळापत्रक एकमेकांवर येतं, आणि त्यात नेहमी घरची पेरणी तरी मागं सरते नाहीतर मुलगी तरी मागं राहते.

बहुतेक वेळा मुलगीच मागं राहते. आमच्या वर्गात आम्ही अकराजण, त्यात मुली सात. बाहेर गेलो दोघीच. बाकीच्यांनी गावातल्याच कुठल्यातरी लॅबमध्ये चार-आठ दिवस बसून १२० तासांचा शिक्का आणला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांतली एक माझ्यापेक्षा हुशार आहे, तिचं हैदराबादच्या एका कंपनीत ठरलं होतं. तिच्या वडिलांनी एकच विचारलं, “राहीन कोठी?” आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, कॉलेजकडेही नव्हतं.

मी गेले, म्हणून मला काय मिळालं तेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं नुसतं रडगाणं वाटेल.

पहिल्या आठवड्यात मला पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या तयार करायला बसवलं. प्रत्येक बाटलीत सोडियम थायोसल्फेटचं थोडं द्रावण घालायचं आणि मग ती निर्जंतुक करायची. का, तर पाण्यात क्लोरीन असेल तर तो बाटलीतही जंतू मारत राहतो, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत घाण पाणीही स्वच्छ दिसतं. थायोसल्फेट तो क्लोरीन तिथल्या तिथे संपवतं, आणि नमुना घेतला त्या क्षणी पाण्यात जे होतं तेच आपल्यासमोर येतं. हे पुस्तकात मी वाचलं होतं. पण प्रॅक्टिकलला आम्ही वर्षभर नळाचं पाणी साध्या फ्लास्कमध्ये आणत होतो आणि ‘कोलिफॉर्म (म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण समजले जाणारे जंतू) आढळले नाहीत’ असं लिहीत होतो.

मग एमपीएन चाचणी, म्हणजे पाण्यात असे जंतू साधारण किती आहेत याचा अंदाज काढायची. मॅकॉन्की ब्रॉथ या जंतू वाढवायच्या जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांची रांग, प्रत्येक नळीत एक इवलीशी डरहॅम नळी उलटी टाकलेली. मोजून पाणी घालायचं, ३७ अंशांवर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. जिथे जंतूंनी आम्ल तयार केलं ती नळी पिवळी पडते, आणि उलट्या नळीच्या टोकाशी वायूचा बुडबुडा अडकलेला दिसतो. पिवळ्या आणि बुडबुडा असलेल्या नळ्या किती, त्यावरून तक्त्यात आकडा बघायचा. तिथल्या सिनिअर मॅडम नळी उजेडात धरून म्हणायच्या, “बुडबुडा बघ, रंगाला एकट्याला भुलू नको.” पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू अजिबात आढळता कामा नये, असं आहे. शून्य. हा शून्य सिद्ध करायला किती हात लागतात, किती वेळा नळाचं तोंड जाळावं लागतं, नमुना बर्फात ठेवून किती धावावं लागतं, हे मला भोसरीत कळलं. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची शिट्टी, १२१ अंश, पंधरा मिनिटं, पंधरा पौंड दाब, हे सगळं आता माझ्या हातात आहे, वहीत नाही.

गावी परत आले तेव्हा पहिला पाऊस चांगला होऊन गेला होता. ज्या विहिरीचं पाणी टाकीत चढतं, तिचा नमुना मी तशीच बाटली तयार करून घेतला आणि कॉलेजच्या लॅबमध्ये लावला. दुसऱ्या दिवशी एकूण एक नळ्या पिवळ्या. मी त्यांचा फोटो घेऊन सरपंच काकूंकडे गेले. त्यांनी पाणी सोडणाऱ्या काकांना बोलावलं. पाण्यात टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर होती, पण पोतं उघडं राहून तिचा जोर गेला होता. नवीन पावडर आली. पंधरा दिवसांनी पुन्हा नमुना लावला, सगळ्या नळ्या जांभळ्या राहिल्या. त्या दिवशी आईनं मला काही न बोलता पुरणपोळी केली.

बाबांच्या उधारीचा हिशेब मी या नळ्यांशी लावून बघते कधी कधी. तो जुळतो की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

वसतिगृहाचा महिनाही मी विसरणार नाही. खोलीत आम्ही चौघी होतो. एक नंदुरबारकडची, एक उदगीरची, एक सांगलीची, अन् मी. रात्री दहाला गेट बंद, सकाळी सहा ते सात गरम पाणी, गॅलरीतल्या दोरीवर प्रत्येकीची हातभर जागा. मेसच्या वरणात गूळ असायचा. मी आणलेली जवसाची चटणी चौथ्या दिवशी संपली, कारण ती चौघींची झाली होती. पहिले काही दिवस माझ्या ‘काऊन’ला आणि ‘भेटते’ला त्या हसायच्या. मला ते लागायचं. मी बोलणंच कमी केलं होतं. मग एका रात्री उदगीरची मुलगी तिच्या आईशी फोनवर बोलत होती आणि मला त्यातलं निम्मंच समजलं. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघून लाजली. त्यानंतर आम्ही चौघी आपापल्या घरच्या बोलीत बोलायला लागलो.

एका रविवारी सांगलीची मुलगी आणि मी बसनं गंज पेठेत गेलो, महात्मा फुल्यांचा वाडा बघायला. तिथला हौद पाहिला. १८६८ साली त्यांनी तो अस्पृश्यांसाठी खुला केला. मी महिनाभर पाण्याचंच काम करत होते, म्हणून असेल, पण मी त्या हौदाशी बराच वेळ उभी राहिले. पाणी कोण पिणार आणि ते कसं असणार, हे दोन्ही प्रश्न अजून आमच्या गावात आहेत.

आता मागणं.

सरकारच्या योजना नाहीत असं नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. आदिवासी मुलांसाठी स्वयं आहे, ओबीसींसाठी आधार आहे, शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण हे सगळं जिथे प्रवेश घेतला त्या गावाला बांधलेलं आहे, आणि वर्षाच्या हिशेबानं आहे. प्रवेश तालुक्याला आणि महिनाभर मुक्काम पुण्याला, अशा मुलीसाठी यातला एकही रकाना नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला दहा हजार विद्यावेतन आहे, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही. शासनानं यात दुरुस्ती करावी, हे मागणं आहेच. पण शासन निर्णय निघेपर्यंत आणखी दोन-तीन बॅचेस निघून जातील. आपल्या हातात जे आहे ते येत्या मे महिन्यात होऊ शकतं, म्हणून पत्र मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहिलं.

सगळ्यात आधी त्या स्थानिक पालकाचं बघा. प्रत्येक कॉलेजात माजी विद्यार्थी संघ आहे. नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी त्याची नोंदवही निघते, पुण्या-मुंबईहून लोक मेळाव्याला येतात, फोटो निघतात. त्यांतल्या कितीजणांना आपण “वर्षातून एका मुलीच्या फॉर्मवर सही कराल का, तिच्यासाठी एक महिना फोन उचलाल का” असं विचारलं आहे? मला खात्री आहे, ते हो म्हणतील. चाकण, हिंजवडी, भोसरीत आपल्याकडची माणसं भरपूर आहेत. मला ज्या ताईनं ठेवून घेतलं ती दहावी शिकलेली आहे आणि कुठल्याच माजी विद्यार्थी संघात नाही. तिनं जे एका शब्दावर केलं, ते इंजिनिअर झालेला, स्वतःचा फ्लॅट असलेला माजी विद्यार्थी करणार नाही असं मला वाटत नाही. त्याला कोणी विचारलंच नाही.

जागेचंही तसंच आहे. मी राहिले तिथे मे-जूनमध्ये अर्ध्या खोल्यांना कुलूप होतं. आपल्या कॉलेजांचे शहरातल्या कॉलेजांशी सामंजस्य करार असतातच. त्यात एक ओळ वाढवा: उन्हाळी सुटीत तुमच्या वसतिगृहात आमच्या मुलींना महिनाभर भाड्यानं जागा. त्यांची मुलं विदर्भात अभ्यासाला आली, मेळघाटात किंवा लोणारला आली, तर आपण आपल्या वसतिगृहात ठेवू. नोकरदार महिलांसाठीची जी सरकारी वसतिगृहं आहेत, ‘सखी निवास’, त्यांत प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींनाही जागा देता येते. पण त्यासाठी आधीपासून पत्रव्यवहार लागतो, आणि तो एका मुलीनं बॅग हातात घेऊन उभं राहून होत नाही. प्राचार्यांच्या लेटरहेडवर होतो.

डिपॉझिट मुलीकडून भरून घेऊ नका. कॉलेजनं थेट वसतिगृहाच्या खात्यात भरावं, महिन्यानं परत कॉलेजच्या खात्यात यावं. मुलीनं काही मोडलं तर तेवढे तिच्याकडून घ्या. भाडं आणि मेस आम्ही भागवू. ते बाबा भागवतात, कसंही करून. फक्त त्यांना बियाण्याच्या पैशाला हात लावायला लावू नका.

आणि पत्रं एप्रिलमध्ये द्या. तारखा, कंपनीचा पत्ता, आणि एका अशा प्राध्यापकांचा नंबर, जे पेपर तपासणीला असले तरी फोन उचलतील. पहिल्या चार दिवसांत एकदा त्यांनीच आपणहून फोन करावा, “खोली मिळाली का, जेवली का” एवढंच विचारावं. ज्यांना घरच्या अडचणीनं जाताच येत नाही त्यांच्यासाठी भूजल विभागाच्या प्रयोगशाळा आहेत, अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे, कृषी विज्ञान केंद्रं आहेत. तिथे खरं काम मिळेल असं बघा, शिक्का नको.

आमच्या गुणपत्रिकेवर विद्यापीठाचं जे नाव छापलेलं असतं, ते गाडगेबाबांचं आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा हा माणूस. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई, जिथे जिथे आपल्यासारखी माणसं घर सोडून जातात आणि रात्री कुठे पडायचं हे ज्यांना माहीत नसतं, तिथे तिथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत आजही कॅन्सरच्या उपचाराला गेलेले आमच्या भागातले पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. आमच्या गावचे एक काका तिथे राहून आले आहेत. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत’ आहे आणि ‘बेघरांना आसरा’ही आहे. ओजेटीला निघालेली मुलगी महिनाभरासाठी या दोन्हींत बसते. पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं तेही याच कारणानं. खेड्यातल्या पोराला शाळेत घालून भागत नाही, त्याला झोपायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्या मातीत हे आधी झालेलं आहे, सर. मी नवीन काही मागत नाही.

यंदा आमच्या प्रथम वर्षाला नऊ मुली आहेत. त्यांतल्या एकीला पुण्याला त्याच प्रयोगशाळेत जायचं आहे, सिनिअर मॅडमशी मी बोलून ठेवलं आहे. काल तिनं वसतिगृहाचा माझा जुना फॉर्म मागितला, पुढं मागं काय लागतं ते बघायला. मी झेरॉक्स दिली. तिनं ती लायब्ररीत बसून सगळी वाचली आणि रेक्टर मॅडमच्या नावावर बोट ठेवून विचारलं, “ताई, अन् इथं मी कोणाचं लिवू?”

मी तिला सांगितलं, एप्रिलपर्यंत ते कोरं ठेव, मी सरांना पत्र लिहिलं आहे.

आपली विद्यार्थिनी,
एम.एस्सी. द्वितीय वर्ष, सूक्ष्मजीवशास्त्र,
जिल्हा यवतमाळ